दोर धरणारा

२२ वर्षं डोंगरात जातोय, पण एकाही सुळक्यावर मी पहिला चढलेलो नाही. माथ्यांवर गेलोय, बऱ्याच गेलोय, पण दर वेळी आधी कुणीतरी वर गेलं, त्यानं दोर लावला आणि मग मी. पहिल्या चढणाऱ्याला आमच्यात लीड म्हणतात आणि खाली उभं राहून त्याचा दोर धरणाऱ्याला बिलेयर. मी बिलेयर. फोटोत मी नसतो. असलोच तर खालच्या कोपऱ्यात, मान वर, तोंड अर्धवट उघडं, विसर्जनाच्या मिरवणुकीत उंच मूर्तीकडे बघणाऱ्या पोरासारखा.

आत्याला एकदा हे समजावून सांगायचा प्रयत्न केला होता.

"म्हणजे तू चढत नाहीस?"

"चढतो, पण नंतर. आधी दोर धरतो."

"आणि त्यासाठी रात्रीची एस्टी पकडून जातोस?"

आत्याचं चूक नव्हतं. दोर धरणं म्हटलं की विहिरीवरचा पोहरा नाहीतर दावणीची गाय डोळ्यापुढे येते. त्यात शिकण्यासारखं काय असणार? मलाही पहिल्या दिवशी हेच वाटलं होतं. मला चढायचं होतं, आणि आमच्या सरांनी हातात दोर देऊन सांगितलं, "आधी हा धरायला शिक. चढणं काय, माकडालाही येतं."

सरांचं शिकवणं जुन्या तालमीतल्या वस्तादासारखं. पहिला नियम, दोरावर पाय द्यायचा नाही. चुकून पडलाच तर वाकून, दोराला हात लावून नमस्कार करायचा, पुस्तकाला पाय लागल्यावर करतो तसा. आम्ही हसायचो. कारण बऱ्याच दिवसांनी कळलं. दोराला वरून विणलेलं कवच असतं आणि आत खरा भार पेलणारा गाभा. बूट पडला की तळाची वाळू, बारीक कच कवचातून आत सरकते आणि प्रत्येक ताणाबरोबर गाभ्याचे धागे करकर कापत बसते. बाहेरून दोर नवाकोरा दिसतो. सरांनी हे फळ्यावर काढून समजावलं असतं तर आम्ही आठवड्यात विसरलो असतो. नमस्काराची सवय मात्र अंगात मुरली. परवा घरी गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर पाय पडला आणि मी वाकलो. बायको बघत होती. काही बोलली नाही, हेच वाईट.

त्यानंतर गोणी. एका वडाच्या जाड फांदीवरून दोर घेऊन टोकाला ७० किलो वाळूची गोणी बांधलेली. चौघांनी ती ओढून वर न्यायची आणि न सांगता सोडून द्यायची. दुसऱ्या टोकाला बिले डिव्हाइस लावून एक जण उभा. कंबरेच्या हार्नेसला, म्हणजे कंबर-मांड्यांभोवतीच्या पट्ट्याला, अडकवलेला हा धातूचा तुकडा, त्यातून दोर एका बाजूनं आत जातो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. बाहेर पडणारा दोर ज्या हातात, तो ब्रेकचा हात. ढील देताना, खेचताना, नाक खाजवताना, काही झालं तरी तो हात दोरावरून उठायचा नाही. एक गोष्ट, बस. पण ती करायला माणसाला सहा महिने लागतात, कारण गोणी सुटल्यावर शरीराला दोन्ही हात वर करून डोकं झाकायचं असतं. तो उपजत झटका मोडून त्या जागी दुसरा बसवायचा. मी पहिल्या गोणीला हात सोडला होता. दुसरीलाही.

पतंग उडवणाऱ्याला बाकीचं लवकर जमतं. संक्रांतीला गच्चीवर आपण ढील देतो, खेच देतो, वरचं काही नीट दिसत नसताना मांज्यातून कळतं की पतंग हवेत तरंगतोय की गोता खाणार आहे. चढणारा कड्याच्या फुगवट्यामागे गेला की तो दिसत नाही. वाऱ्यात आवाजही येत नाही. उरतो फक्त दोर. तो हळूहळू सरकत असेल तर वर बरं चाललंय. पुढे-मागे, पुढे-मागे वीतभर हलत राहिला तर गडी हाताला पकड शोधतोय. भराभर दोन हात ओढला गेला तर तो वरच्या बोल्टमध्ये, म्हणजे कातळात ठोकलेल्या कडीत, दोर अडकवतोय, त्याला आत्ता, या क्षणी ढील हवी. इथे दोर ताणून ठेवला तर तो अख्खी ग्रामदैवतं आठवून आपल्याला शिव्या घालतो. आणि बराच वेळ काहीच हललं नाही, तर ब्रेकचा हात अजून घट्ट.

तैलबैल्याला हेच झालं. तैलबैला म्हणजे पठारावर उभ्या केलेल्या दोन भिंती, मधे खिंड आणि खिंडीत देव. सह्याद्री एरवी आडव्या थरांचा, लाव्हा एकावर एक पसरत गेलेला. या भिंती मात्र नंतर फटीतून वर घुसलेल्या लाव्हाच्या, म्हणून आजूबाजूचं झिजून गेलं आणि त्या उभ्या राहिल्या. ऐकायला भक्कम वाटतं. पण आपला कातळ म्हणजे ग्रॅनाइट नव्हे. सहा-साडेसहा कोटी वर्षं ऊन-पावसात शिजलेला दगड तो, वरून दणकट दिसणारा होल्ड, म्हणजे हाता-पायाला आधार देणारा दगड, आतून सुटलेला असू शकतो. म्हणून आमच्याकडे आधी ठोकून बघतात. टणक आवाज आला तर ठीक. मडकं वाजवल्यासारखा भद्द आला तर हात काढायचा.

जानेवारीची सकाळ. दादा लीडवर होता. (सख्खा नाही. आमच्यात वर्षभर आधी आलेला प्रत्येक जण दादा.) ४० फुटांवर असेल. शेवटचा बोल्ट त्याच्या कंबरेखाली आठेक फूट. दोर बराच वेळ हलला नव्हता. मी मान वर करून त्याच्या बुटांचे तळवे बघत होतो. बिलेयरला माणसं तळव्यांवरून ओळखू येतात. मग एक तळवा नाहीसा झाला. किंकाळी वगैरे काही नाही. "अरे" इतकंच ऐकू आलं, तेही अर्धं.

पुढचं सगळं मला तुकड्यांत आठवतं. कंबरेला कुणीतरी लाथ घातल्यासारखा हिसका. पाय जमिनीवरून सुटले, दीड फूट वर गेलो, खांदा भिंतीवर आपटला. माझा स्वतःचा अँकर, मला बांधून ठेवणारा दोर, मागच्या दगडाला होता म्हणून तिथेच थांबलो. मी ५८ किलोचा, तो ७४ चा. उजवा हात मांडीजवळ, खाली खेचलेला. तो तिथे मी नेला नव्हता. तो तिथेच होता.

शांतता. मातीचे दोन-चार खडे हेल्मेटवर टपटपले.

"धरलंस ना?" वरून आवाज.

"धरलंय."

"बरं." मग थोड्या वेळानं, "होल्ड हातातच राहिला बघ."

खरंच राहिला होता. खोबऱ्याच्या वाटीएवढा दगड, तो पडतानाही त्यानं सोडला नव्हता. आता तो त्याच्या टेबलावर लाइटबिलं उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो.

तो पडला किती? बोल्टच्या वर आठ फूट म्हणजे बोल्टच्या खाली आणखी आठ, १६. शिवाय माझ्याकडची ढील आणि दोराचं ताणणं, म्हणजे धरा २० फूट. ऐकणाऱ्याला हे भयंकर वाटतं, पण गिर्यारोहणाचं गणित वेगळं आहे. पडण्याच्या फुटांना सुटलेल्या दोराच्या लांबीनं भागायचं. मधे ४० फूट दोर होता, रबरासारखा थोडा लांबून त्यानं हिसका खाऊन टाकला. आता उलटं बघा. कड्याच्या मध्यावर एखाद्या फळीवर, म्हणजे कातळातल्या अरुंद सपाटीवर, तुम्ही दोर धरून उभे आहात, लीड तिथून फक्त दहा फूट चढलाय आणि अजून एकाही बोल्टमध्ये दोर अडकवलेला नाही. तो निसटला तर तुमच्या शेजारून खाली, २० फूट, आणि झेलायला दोर जेमतेम दहा फूट. फूट तितकेच, धक्का कितीतरी जास्त. म्हणून फळीवरून निघताना पहिला बोल्ट किंवा मेख जितकी लवकर तितकी बरी, आणि म्हणून बिलेयरनं पहिल्या दहा फुटांत गप्पा मारायच्या नाहीत. नवी पोरं नेमकी उलटं वागतात. लीड उंच गेला की घाबरून गप्प होतात, जवळ असला की बिस्किटं खातात.

हे लांबणं डायनॅमिक दोराचं काम. ८० किलोचं वजन कठीण तऱ्हेनं पाडून त्याची चाचणी घेतात, आणि हिसका १२ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो, म्हणजे साधारण १,२०० किलोच्या भाराइतका. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरण्याचा, स्टॅटिक दोर जवळजवळ लांबतच नाही. उतरायला तो उत्तम, लीडला घातक. दिसायला दोघं भाऊ-भाऊ. कॅराबिनरच्या, म्हणजे दोर अडकवायच्या उघडझाप कडीच्या, अंगावरही किलोन्यूटनचे आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेनं किमान २०, तोंड उघडं राहिलं तर सहा-सात. तोंड बंद ठेवणारा स्क्रू फिरवायला आपण कंटाळतो तेव्हा त्या वस्तूची दोन तृतीयांश ताकद कंटाळ्यापोटी सोडून देत असतो.

माझी चूकही सांगतो, नाहीतर हे फार हुशारीचं वाटेल. सरावाच्या भिंतीवर मी एका मित्राला खाली उतरवत होतो. ब्रेकचा हात जागेवर, डोळे त्याच्यावर, सगळं सरांनी शिकवल्यासारखं. फक्त मार्ग नेहमीपेक्षा उंच होता आणि दोर तोच. दोराचं मोकळं टोक सर्रकन माझ्या हातातून, डिव्हाइसमधून निघून गेलं. तो पाचेक फुटांवरून पाठीवर पडला, उठून हसायला लागला. मीही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी दोराचं टोक उचललं, त्याला एक गाठ मारली आणि काही न बोलता माझ्यासमोर धरलं. तेवढी गाठ असती तर ती डिव्हाइसमध्ये अडकली असती. १५ सेकंदांचं काम. पाच फुटांच्या जागी ५० असते, तर हा लेख दुसऱ्या कुणी, दुसऱ्या सुरात लिहिला असता.

आपल्याला वाटतं अपघात अवघड जागी होतात. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्स इथे लिन हिल पडली. त्या काळातली जगातली अव्वल क्लाइंबर. मार्ग तिच्या दृष्टीनं सरावाचा. हार्नेसला दोर बांधता बांधता ती मधेच थांबली आणि गाठ अर्धवट राहिली. ती वरपर्यंत चढून गेली, काही झालं नाही, कारण चढताना दोरावर भार नसतो. उतरण्यासाठी मागे रेलली आणि दोर सुटला. २० मीटरहून जास्त पडली. झाडाच्या फांद्यांनी झेललं म्हणून वाचली. चारच वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या योसेमिटीमधल्या एल कॅपिटन या कड्याचा 'नोज' हा मार्ग मुक्त पद्धतीनं, म्हणजे दोरावर भार न टाकता, सगळ्यांत आधी तिनं चढून दाखवला. पण मी नव्या बॅचला तिचं नाव सांगतो ते त्या अर्ध्या गाठीसाठी. 'मला येतं' म्हणणाऱ्यांसाठी तेवढं पुरतं.

म्हणून चढण्याआधी एकमेकांचं तपासायचं. हार्नेसचं बकल, इंग्रजी आठच्या (8) आकाराची गाठ, तिची शेपूट वीतभर आहे ना, डिव्हाइस उलटं नाही ना, स्क्रू बंद. डोळ्यांनी नव्हे, हातानं. यात आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे. मोठ्या माणसाची गाठ तपासायची कशी? ज्यांनी आपल्याला गाठ मारायला शिकवलं त्यांच्या कंबरेला हात घालून ती ओढून बघायची म्हणजे आगाऊपणा. सरांना हे पक्कं ठाऊक होतं. ते कधीकधी मुद्दाम स्वतःचा स्क्रू उघडा ठेवून आमच्यासमोर उभे राहायचे, "काय, निघू का?" म्हणून. आम्ही सगळे माना डोलवायचो. मलाही एकदा दिसला होता, पण वाटलं, सरांना माहीत असेल. शेवटी नव्या बॅचमधली एक मुलगी, पहिलाच दिवस तिचा, म्हणाली, "सर, तुमचं ते उघडं आहे." सरांनी त्या दिवशी आम्हा बाकीच्यांना वडापाव दिला नाही. तिला दोन दिले.

बिलेयरांना देव असता तर तो पीट शोनिंग असता. ऑगस्ट १९५३, के२. अमेरिकी तुकडी साडेसात हजार मीटरच्या आसपास वादळात सापडलेली, आणि त्यांच्यातल्या आर्ट गिल्कीच्या पायात रक्ताच्या गाठी झालेल्या. त्याला झोपेच्या पिशवीत गुंडाळून दोरानं खाली सोडत होते. १० ऑगस्टला जॉर्ज बेल घसरला. त्यानं जोडीदाराला ओढलं, त्यांचा दोर दुसऱ्या जोडीच्या दोरात अडकला, आणि बघता बघता पाच जण उतारावरून निघाले. सगळा भार येऊन पोचला २६ वर्षांच्या शोनिंगवर. त्यानं बर्फकुऱ्हाड एका दगडामागे रोवून तिच्याभोवती नि स्वतःच्या अंगाभोवती दोर घेतला होता. डिव्हाइस नाही, काही नाही. त्यानं पाचही जण धरले, आणि लटकलेला गिल्कीही. गिल्की पुढे त्याच दिवशी नाहीसा झाला, कसा ते कुणी पाहिलं नाही. बाकीचे सगळे घरी पोचले.

याच शोनिंगनं १९५८ मध्ये जोडीदाराबरोबर गॅशरब्रम-१ वर, आठ हजार मीटरच्या वरच्या शिखरावर, माणसाचं पहिलं पाऊल ठेवलं. ते फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याचं नाव घेतलं की लोकांना आठवतो तो त्यानं धरलेला दोर. मला याचा फार आनंद होतो, आणि तो थोडा स्वार्थी आहे हे मान्य.

याच्या उलट नशीब वाटाड्या थोरल्या पीटर टाउगवाल्डरचं. १४ जुलै १८६५ ला आल्प्समधलं मॅटरहॉर्न पहिल्यांदा सर झालं, आणि उतरताना एक जण घसरला, त्याच्यासकट चौघे खाली गेले. टाउगवाल्डर आणि त्याच्या पुढच्या माणसाच्या मधे दोर तुटला. चौघे गेले, तिघे वाचले. तो मधला दोर नेमका त्यांच्याकडच्या दोरांतला सर्वांत कमकुवत. चौकशीत टाउगवाल्डर निर्दोष ठरला, पण 'त्यानं जीव वाचवायला दोर कापला' ही कुजबूज आयुष्यभर त्याच्या मागे राहिली. तुटका दोर झरमॅटच्या संग्रहालयात काचेमागे ठेवलेला आहे.

दोर कापण्याला तिकडे कलंक मानतात आणि आपल्याकडे? चौथीच्या इतिहासात आपण सगळ्यांनी वाचलंय. तानाजी पडले, मावळे मागे फिरले आणि सूर्याजी ओरडले की कड्यावरचे दोर कापलेत. ती गोष्ट ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो. लढाईत ते बरोबरच होतं. पण त्यातून आलेला 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आम्ही नोकरी सोडण्यापासून लग्नापर्यंत सगळीकडे कौतुकानं वापरतो, आणि मी बिलेयर असल्यामुळे मला दर वेळी पोटात खड्डा पडतो. घोरपडीच्या दंतकथेबद्दल तर बोलायलाच नको. घोरपडीवर अँकर करायला आमच्या सरांनी जन्मात परवानगी दिली नसती.

हल्ली भीती वाटते ती शनिवार-रविवारच्या लिंगाण्याची. मोहरीतून निघून, बोराट्याची नाळ उतरून पायथ्याला गेलं की वर माणसांची माळ लागलेली. तोरणा आणि रायगडाच्या मधला हा सुळका एकेकाळी कैदखाना होता. आता सुटीच्या दिवशी त्याच्यावर अडकायला पैसे मोजावे लागतात. एकदा मी एका गटात बिनहेल्मेटचे ११ जण मोजले. आयोजकाला विचारलं तर म्हणाला, "दादा, फोटोत चांगलं दिसत नाही म्हणतात." तेवढ्यात वरून कुणीतरी "दगड!" ओरडलं. आम्ही भिंतीला चिकटलो. ते मात्र वर बघत राहिले, आवाज कुठून आला म्हणून. नारळाएवढा धोंडा दोघांच्या मधून गेला. त्या दिवशी फक्त एकाची पाण्याची बाटली फुटली. लोणावळ्याची, खोपोलीची बचावाची पोरं असल्या बाटल्यांऐवजी माणसं आणायला रात्री-अपरात्री दऱ्यांत उतरतात, तीही घरची कामं सोडून, पदरमोड करून.

सगळ्यांत शेवटी उतरणाऱ्याला मात्र बिलेयर नसतो. बाकीचे खाली गेलेत, तो एकटाच वर, दोर कड्यातल्या कडीतून दुहेरी ओवलेला. तैलबैल्याला त्या दिवशी दादाच शेवटचा होता. पडला, पाणी प्यायला, त्याच जागेवरून पुन्हा चढून माथ्यावर गेला, आम्हाला वर घेतलं, आणि दुपारी शेवटी उतरला. दोन्ही टोकांना गाठ आहे ना, हे त्यानं वरून तीनदा विचारलं. मी तीनदा दोन्ही टोकं हातात घेऊन बघितली. उतरताना त्याचे तळवे पुन्हा माझ्या डोक्यावर, या वेळी हळूहळू मोठे होत गेलेले.

तो जमिनीला टेकला, डिव्हाइस काढलं, म्हणाला, "चल, ओढ."

मी दोन्ही गाठी सोडल्या आणि एक टोक खेचायला लागलो. वर कडीतून दोर सरकत होता, दुसरं टोक कड्यावरून वर वर जात दिसेनासं झालं. अजून थोडं, अजून थोडं. मग ओढताना एकदम हात हलका झाला.

"रोप!" आम्ही दोघंही ओरडलो आणि भिंतीला चिकटलो. सुर्रर्र करत सगळा दोर आमच्यासमोर खाली आला, धूळ उडाली. खाली उरली होती फक्त भिंत, वर जायला काहीच नाही.

दादानं एक जांभई दिली. "गुंडाळ," तो म्हणाला. "आणि आज सॅकमध्ये तूच घे. माझा खांदा दुखतोय."

माझाही दुखत होता. मी दोर गुंडाळायला घेतला.